टिकलीची वही

आमचे घर विक्रोळीतील एका चाळीत आहे. खोली दहा बाय पंधराची. त्यात आमची आई, पत्नी, दोन मुले आणि आम्ही अशी पाच माणसे राहतो. सहावे राहते ते कासव. त्याचे नाव टिकली. कानाच्या जागी दोन्ही बाजूंना लाल पट्टा आहे, म्हणून मुलीने हे नाव ठेवले.

२०१८ च्या मे महिन्यात मुलगी सहावीत गेली, तेव्हा तिच्या हट्टापायी आम्ही ही टिकली दीडशे रुपयांना विकत आणली. त्या वेळी ती जुन्या रुपयाएवढी होती. दुकानदाराने सोबत प्लॅस्टिकचे एक भांडे आणि सुक्या कोळंबीची डबी दिली. म्हणाला, "साहेब, एवढीच राहते. चिमूटभर टाका, काही बघावे लागत नाही." आम्ही विश्वास ठेवला. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कासव आणलेत, आता घरात पैसा टिकेल." आमचा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. पगार महिन्याच्या वीस तारखेला संपत होता, तो पुढेही वीस तारखेलाच संपत राहिला.

दीड वर्ष असे गेले. डबी संपली की बाजारातला सुका जवळा आणायचा आणि टाकायचा. भांडे खिडकीच्या कोपऱ्यात. पाणी गढूळ झाले की ज्याला आठवेल त्याने बदलायचे. आठवण कोणालाच नसायची, कारण प्रत्येकाला वाटे की दुसऱ्याने बदलले असेल.

डिसेंबर २०१९ मध्ये टिकली डोळे मिटून बसू लागली. आई म्हणाली, "निजू दे तिला, थंडीचे दिवस हायेत." आम्हालाही ते पटले. आम्ही रविवारी वस्तीतल्या लोकांचे रेशनकार्डाचे, जातीच्या दाखल्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज भरून देतो. त्या रविवारी दारात सात-आठ माणसे बसली होती. मुलगी भांडे हातात घेऊन आली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "पप्पा, तुम्ही सगळ्यांचे अर्ज भरता. टिकलीचा अर्ज कोण भरणार?"

भांड्यात पाहिले तर तिच्या दोन्ही पापण्या सुजून वाटाण्यासारख्या झाल्या होत्या. ती निजलेली नव्हती. तिला डोळे उघडताच येत नव्हते.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून आम्ही मुलीसह परळला बैलघोडा हॉस्पिटलात गेलो. डॉक्टरांनी टिकलीला हातात घेतले, पाठ दाबून पाहिली आणि एकामागून एक प्रश्न विचारले. काय खाते? शेवटचे कधी खाल्ले? वजन किती होते? ऊन मिळते का? पाणी किती दिवसांनी बदलता? आमच्याकडे एकाही प्रश्नाचे उत्तर नव्हते. आम्ही बी. कॉम. झालेला माणूस. कचेरीत एखाद्या कागदाची आवक-जावक नोंद नसली, तर शिपायाला बोल लावणारे आम्ही. त्या दिवशी आमची मान खाली गेली.

डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी समजावून सांगितले. नुसत्या सुक्या कोळंबीवर आणि जवळ्यावर वाढलेल्या कासवाला अ जीवनसत्त्व कमी पडते, त्यामुळे पापण्या सुजतात. डोळे मिटले की अन्न दिसत नाही, अन्न दिसले नाही की ते खात नाही, आणि आजार वाढतच जातो. पाठ मऊ पडू लागली होती, त्याचे कारण वेगळे. उन्हातले अतिनील किरण अंगावर पडले की कासवाच्या शरीरात ड जीवनसत्त्व तयार होते आणि त्याच्यामुळे कॅल्शियम अंगी लागते. खिडकीच्या काचेतून येणाऱ्या उन्हाचा उपयोग नाही, कारण काच ते किरण अडवते. शिवाय या प्राण्याला आपल्यासारखी अंगची ऊब नसते. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याला अन्न पचते. दीड वर्ष टिकली खिडकीपाशी होती, पण काचेच्या आत.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिले. "जीवनसत्त्वाचे औषध स्वतःच्या मनाने देऊ नका, जास्त झाले तर तेही बाधते," असे बजावले. काट्यावर वजन भरले ९२ ग्रॅम. निघताना म्हणाले, "हा मुका जीव आहे. दुखते म्हणून सांगणार नाही. तुम्ही रोज लिहून ठेवा, म्हणजे वहीच तुम्हाला सांगेल."

त्याच संध्याकाळी आम्ही दोनशे पानी वही आणली आणि पट्टीने रकाने आखले. तारीख, वजन, काय खाल्ले, डोळे, शी, पाणी, ऊन. एक छोटा काटाही विकत घेतला. मुलगी रोज नोंद करी. पहिले अकरा दिवस 'काय खाल्ले' या रकान्यात नुसती आडवी रेघ. वजन ८८ वर उतरले. मुलगी रात्री उठून टॉर्च लावून पाही. आम्ही तिला काय सांगणार? बाराव्या दिवशी कचेरीतून आलो, तर तिने वही पुढे धरली. लिहिले होते : 'गांडूळ, अर्धे. डावा डोळा उघडला.' त्या रात्री घरात सगळ्यांना जेवण गोड लागले.

पुढे वहीने आम्हाला पुष्कळ शिकवले. सुका जवळा आता कधीमधीच. रोजचे म्हणजे कासवाच्या खाद्याच्या गोळ्या, शेवग्याचा पाला, गाजराचा कीस. पालक देत नाही, तो कॅल्शियम अडवून धरतो. माकलीच्या अंगातले पांढरे हाड, ज्याला समुद्रफेस म्हणतात, ते टबात टाकून ठेवले की ती कुरतडते. लहानपणी तिला मांसाहार जास्त लागे, वाढत्या वयात पाला जास्त लागतो. सकाळी गॅलरीत ऊन, पण अर्ध्या टबावर सावली आणि वर जाळी, कारण कावळे टपलेले असतात. बसायला पाण्याबाहेर कोरडी वीट.

आणखी एक गोष्ट आयाबहिणींनी ध्यानात ठेवावी. कासवाच्या अंगावर साल्मोनेला नावाचे जंतू असू शकतात. त्यांनी जुलाब-ताप होतो आणि लहान मुलांना तो जड जातो. याच कारणाने अमेरिकेत १९७५ साली चार इंचांहून लहान कासवे विकायला बंदी झाली. म्हणून टिकलीचा टब भांडी घासण्याच्या मोरीत धुवायचा नाही, आणि तिला हात लावला की साबणाने हात धुवायचे, हा आमच्या घरचा कायदा आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली. आम्ही वस्तीत धान्य वाटायला बाहेर, मासळीबाजार बंद, पण वहीतला एकही दिवस कोरा राहिला नाही. टिकली वाढत गेली. आज ती एक किलोच्या वर आहे आणि तिचा टब आमच्या निम्म्या गॅलरीत मावत नाही. ही जात वीस-तीस वर्षे जगते, हे दुकानदाराने सांगितले नव्हते.

लोक म्हणतात, "पवईच्या तळ्यात सोडून द्या." ते आम्ही करणार नाही. ही जात मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातली, अमेरिकेची. आपल्या तळ्यात सोडली तर इथल्या कासवांचे अन्न आणि उन्हाची जागा ती बळकावते. जगातल्या सर्वांत घातक अशा शंभर उपऱ्या जातींच्या यादीत तिचे नाव आहे. आणि इथली कासवे, चांदणी कासवासारखी, घरी पाळणे १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे. म्हणून आमचे सांगणे एवढेच : कासव विकत आणू नका. आणले असेल तर शेवटपर्यंत सांभाळा. बावीस प्रतिज्ञांमध्ये प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ती आम्ही लहानपणापासून म्हणत आलो. दया म्हणजे रोज पाणी बदलणे, हे आम्हाला चाळिशीत कळले.

शेवटी एक घरचीच गोष्ट. आईला साखरेचा आजार. विचारले की तिचे उत्तर ठरलेले, "मला काय धाड भरलीय?" आम्हीही ते खरे मानून कामाला जात असू. गेल्या वर्षी एका संध्याकाळी मुलीने टिकलीच्या वहीशेजारी दुसरी वही ठेवली. रकाने तसेच आखलेले. तारीख, साखर, गोळी, पाय. पायाच्या रकान्यात पहिल्याच दिवशी तिने लिहिले होते : 'डाव्या टाचेला भेग, दोन बोटे लांब. आजी म्हणाली, दुखत नाही.'

दुखत नाही, हीच त्या आजारात काळजीची खूण असते. दुसऱ्या दिवशी आम्ही पुन्हा रजा टाकली. टाच वेळेवर बरी झाली.

आता दोन्ही वह्या एकाच खिळ्याला टांगलेल्या आहेत.