शटर दाबण्याआधी

माऊलींची पालखी दिवेघाट चढते त्या दिवशी डोंगरउतारावर सकाळपासून फोटोग्राफर जागा धरून बसलेले असतात. त्यांत मीही असतो. त्या नागमोडी रस्त्याचे, भगव्या पताकांचे फोटो आजवर हजारांनी निघाले. माझा त्यांहून काही निराळा येतो असं नाही. तरी आषाढ जवळ आला की पाय तिकडेच वळतात.

अशा वेळी मला शिकागोची व्हिव्हियन मायर आठवते. लोकांची मुलं सांभाळून पोट भरणारी ही बाई गळ्यात रोलिफ्लेक्स अडकवून रस्तोरस्ती हिंडायची. भाडं थकलं म्हणून २००७ साली तिच्या सामानाचा लिलाव झाला आणि खोकी उघडली, तेव्हा तिचं काम उजेडात येऊ लागलं. लाखाहून जास्त निगेटिव्ह! कित्येक रोल तर तिनं धुतलेलेसुद्धा नव्हते. २००९ मध्ये ती गेली, तोवर तिचं नाव जगाच्या कानावर आलेलं नव्हतं. नावासाठी करायचं असतं, तर ती केव्हाच थांबली असती.

तसला एक जुना कॅमेरा माझ्याकडे आहे. तो पोटाशी धरायचा आणि मान खाली घालून वरच्या काचेत पाहायचं. काचेत डाव्याचं उजवं होतं. गेल्या वारीत फोकस फिरवताना आधी नुसता धूसर हिरवा ठिपका दिसला; मग डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली आजी, मग तिच्या कपाळावरून घामानं ओघळलेला बुक्का. तेवढ्या वेळात मी त्या आजीकडे जितकं पाहिलं, तितकं घरच्या माणसांकडेही कधी पाहत नाही. मला वाटतं, आम्ही येतो ते या पाहण्यासाठी. फोटो ही त्याची पावती.

होमाई व्यारावाला यांनी तर कॅमेरा खाली ठेवून हेच सांगितलं. जे. जे.मध्ये शिकलेल्या, देशातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. स्वातंत्र्याचे दिवस, नेहरू, गांधीजींची अंत्ययात्रा, सारं त्यांनी टिपलं. पण नव्या छायाचित्रकारांची धसमुसळी वागणूक त्यांना सोसेना. १९७० मध्ये त्यांनी काम थांबवलं. त्यानंतर चार दशकं जगल्या, पण त्या कामाकडे पुन्हा वळल्या नाहीत. समोरच्याचा मान राखून पाहता येत नसेल, तर त्यांना फोटोही नको होता.

माझा आजीचा फोटो हलला. बुक्का मात्र डाव्या भुवईवरून ओघळला होता, हे मी आजही सांगू शकतो.