दारातली पाटी

अमेरिकेत न्यूजर्सी राज्यात एडिसन नावाचे गाव आहे. वस्ती लाखाच्या वर, आणि आपली माणसे इतकी की ओक ट्री रोडवरच्या दुकानात मेथीची जुडी निवडताना मराठी कानावर पडते. तिथे माझा भाचा राहतो. २०२३ च्या ऑक्टोबरात मी त्याच्याकडे होतो. ७ नोव्हेंबरला मतदान होते. पण लाउडस्पीकर नाही, झेंडे लावलेल्या रिक्षा नाहीत, भिंतीवर निळीची अक्षरे नाहीत.

"अरे, प्रचार आहे तरी कुठे?"

"मामा, गवतात बघा."

खरेच, घराघरापुढच्या हिरवळीत छोट्या पाट्या रोवलेल्या होत्या. दीड फूट बाय दोन फूट, हलक्या पन्हळी प्लास्टिकच्या. खाली तारेची दोन पायांची चौकट. टाच दिली की जमिनीत बसते. मजकूर म्हणजे उमेदवाराचे नाव आणि पद. नेत्यांच्या फोटोंची रांग नाही, 'शुभेच्छुक' तर नाहीतच! तळाशी बारीक अक्षरात खर्च कोणी केला ते. माझी कारकुनी नजर आधी तिथेच गेली. आपल्याकडेही पत्रकावर मुद्रक-प्रकाशकाचे नाव कायद्याने लागते. ते कितीदा दिसते, हे वाचकांना ठाऊक आहे.

एका ठिकाणी 'रिपब्लिकन' हा शब्द आणि शेजारी हत्ती दिसला, तेव्हा छातीत धस्स झाले. १९५२ च्या निवडणुकीत बाबासाहेबांच्या शेड्युल्ड कास्ट्स फेडरेशनची निशाणी हत्तीच होती. हा हत्ती मात्र वेगळ्या कळपातला!

आमच्या लहानपणी चाळीची भिंत रंगवायला कार्यकर्ते येत, तेव्हा आत राहणाऱ्याला कोणी विचारत नसे. डबा, कुंचला, शिडी घेऊन येत आणि सकाळी उठावे तर आपल्या खिडकीखाली भलत्याच पक्षाची निशाणी! १९९५ साली मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधाचा कायदा झाला. पुढे फ्लेक्स आले. निवडणूक संपली की तोच फ्लेक्स पावसाळ्यात वस्तीतल्या छपरावर चढतो, ही त्याची खरी लोकसेवा.

तिकडे पाटी लावायची तर घरवाल्याने होय म्हणावे लागते. लाडू नावाच्या एका शहराने अशा पाट्यांवर बंदी घातली होती. मिसुरी राज्यातल्या त्या गावच्या मार्गारेट गिलिओ या बाईंनी आखाती युद्धाच्या विरोधात दारात पाटी लावली आणि खटला लढवला. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने एकमताने त्यांच्या बाजूने निकाल दिला. पाटीने मते किती वाढतात? २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चार प्रयोगांत सरासरी पावणेदोन टक्क्यांच्या आसपास फरक आढळला. त्या अभ्यासातले एक प्राध्यापक कोलंबिया विद्यापीठाचे, म्हणजे बाबासाहेब १९१३ साली जिथे शिकायला गेले तिथलेच.

भाच्याकडे ग्रीन कार्ड आहे, म्हणजे तिथे कायम राहता येते, पण मत देता येत नाही. घराचा कर भरतो, त्यातला मोठा वाटा शाळांकडे जातो, मुलगी तिथल्याच शाळेत. शाळा मंडळाच्या एका उमेदवाराचे म्हणणे त्याला पटले होते. तो एका संध्याकाळी पाटी घेऊन आला आणि ती चार दिवस मोटारीच्या डिकीतच राहिली.

भाचेसून नको म्हणत होती. २०१७ साली याच गावात शाळा मंडळाच्या निवडणुकीत एक चिनी आणि एक भारतीय वंशाचा असे दोन उमेदवार उभे होते. त्यांच्या फोटोंवर 'हाकलून द्या' असा शिक्का मारलेली निनावी पत्रके घरोघर टपालाने आली होती. "पण ते दोघेही निवडून आले ना?" भाचा म्हणाला. "ते आले. पत्रके टाकणारेही इथेच राहतात," ती म्हणाली.

दुसरी भीती तिने मला चहा देताना सांगितली. पाटी लावली की गल्लीतले आपले देशी लोक बोलायला थांबतील, ओळख वाढेल, मग पूर्ण नाव काय, गाव कुठले, जेवणात काय चालते. त्याच महिन्यात कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरांनी जातिभेदाविरुद्धचे विधेयक परत पाठवले होते. घरात तो विषय ताजा होता. "मामा, आपण समुद्र ओलांडला तरी हे प्रश्न आपल्या आधी विमानातून उतरतात."

मी काय सांगणार? हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो होता; रस्त्यावरून दिसत नव्हता. कोणीच बोलेना. शेवटी आठ वर्षांच्या नातीनेच विचारले, "बाबा, ती पाटी आपण विकत घेतली की फुकट मिळाली?" फुकट, म्हटल्यावर ती म्हणाली, "मग त्यांना परत द्या, त्यांच्याकडच्या संपतील."

भाचेसून हसली. पायात चपला अडकवून स्वतःच डिकी उघडायला गेली. मेपलची पाने बाजूला सारून त्यांनी पाटी रोवली, तेव्हा अंधार पडत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी ती आडवी पडलेली दिसली. रात्री वारा होता. वाऱ्याने पडली की कोणी पाडली, कळायला मार्ग नव्हता. भाचा ऑफिसला निघाला होता. त्याने बॅग गाडीत ठेवली, पाटी उचलली, आधीपेक्षा खोल दाबली आणि घड्याळ बघत निघून गेला.