गैरअर्जदार

माझं माहेर नांदेडचं, नोकरी लातूरला, उर्दू माध्यमाच्या शाळेत. अब्बांच्या पश्चात अम्मी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या इन्सुलिनसाठी नांदेडच्या ओळखीच्या दुकानातून हप्त्यावर फ्रिज घेतला. ऐन मे महिन्यात त्याने थंड करणं सोडलं. न उघडलेली इन्सुलिनची शिशी २ ते ८ अंशांत ठेवावी लागते. अम्मी ती ओल्या फडक्यात गुंडाळून माठाजवळ ठेवू लागली.

मेकॅनिक तीनदा आला. दोनदा गॅस भरला, तिसऱ्यांदा म्हणाला, काँप्रेसरच गेलाय. दुकानदार कंपनीकडे बोट दाखवी, कंपनी दुकानाकडे. मी स्वतः नांदेडला गेले तर म्हणाला, "मॅडम, साहेबांना पाठवा, त्यांच्याशी बोलतो." बिल माझ्या नावाचं, हप्ते माझ्या पगारातून! वर हसत म्हणाला, "केस करायची तर इथंच करावी लागेल. येत राहा एसटीने."

त्याला १९८६ चा कायदा ठाऊक होता. २० जुलै २०२० पासून लागू झालेल्या नव्या कायद्यानुसार ग्राहक जिथं राहतो किंवा नोकरी करतो, तिथल्या जिल्हा आयोगाकडेही दाद मागता येते. मुदत दोन वर्षांची. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. वकील लावलाच पाहिजे असंही नाही.

अम्मी म्हणाली, "छोड दे बेटी, अपने जैसों की कौन सुनता?" रेशन दुकान, बँक, दवाखाना, सगळीकडून परतताना लहानपणापासून ऐकलेलं हे वाक्य. माझ्या वर्गातल्या मुलीही तेच घरून शिकून येतात. फ्रिजपेक्षा मला त्या वाक्याचाच जास्त राग आला.

आधी दुकानाला लेखी अर्ज देऊन प्रतीवर शिक्का घेतला. मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. हेल्पलाइन हुकूम देत नाही, कंपनीकडे तक्रार पाठवून उत्तर मागते. उत्तर आलं: "तक्रार निकाली." फ्रिज तसाच गरम. मग रजिस्टर पोस्टाने पंधरा दिवसांची नोटीस. तीही गिळली, तेव्हा बिल, वॉरंटी कार्ड, मेकॅनिकच्या तीन स्लिपा आणि पोस्टाची पोच जोडून लातूरच्या आयोगात तक्रार दाखल केली.

कच्चा मसुदा रात्री अम्मीला वाचून दाखवला. तिला मराठी वाचता येत नाही. पण तक्रार, अर्ज, दाखल, मुदत, वकील... प्रत्येक शब्दाला ती मान हलवत होती. 'गैरअर्जदार'वर थांबली. दुकानदाराला असं म्हणतात कळल्यावर पदर तोंडाला लावून हसली. "ये तो सब अपनेच लफ्ज हैं गे!"

आमच्या शाळेतल्या एका मुलीचे वडील शेतकरी. २०२० च्या खरिपात मराठवाड्यात सोयाबीनचं बियाणं ठिकठिकाणी उगवलं नाही, औरंगाबाद खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, त्यात त्यांचंही शेत कोरडं राहिलेलं. शेतकरी कसला ग्राहक, असं त्यांना कुणी तरी सांगितलं होतं. बियाणं विकत घेणारा शेतकरीही ग्राहकच, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच स्पष्ट केलंय. त्यांना ते कळेपर्यंत मुदत उलटून गेली होती.

आयोगाची नोटीस पोचताच दुकानदाराचा फोन आला. आवाज एकदम मऊ. "बहनजी, नवा फ्रिज पाठवतो. फक्त 'तक्रार नाही' म्हणून आधी सही करून द्या." मी म्हटलं, आधी फ्रिज, आठ दिवस चालवून बघणार, मग सही, तीही आयोगासमोर. मेकॅनिकला दिलेले पैसे आणि वाया गेलेल्या शिश्यांचं बिलही मागितलं. मेकॅनिकचे पैसे मिळाले. शिश्यांचे निम्मेच दिले. तिसऱ्या तारखेला तडजोड नोंदवली गेली.

आता मधल्या सुट्टीत स्टाफरूममध्ये कुणी ना कुणी पिशवीतून चुरगळलेलं बिल काढतं. मी आधी तारीख बघते.