हृदयाचंही मॉडेल लागतं

माझं काम काय, हे सांगताना मी हल्ली पेसमेकरपासून सुरुवात करते. विमान, अणुभट्टी, रेल्वेचे सिग्नल ही उदाहरणंही देता येतात, पण ती ऐकली की लोक आदराने मान डोलावतात आणि विषय बदलतात. पेसमेकर कुणाच्या तरी काकांना, कुणाच्या सासूबाईंना बसवलेला असतो. मग माणसं प्रश्न विचारतात.

दोन कप्प्यांच्या पेसमेकरला दोन तारा असतात. एक उजव्या अलिंदात, दुसरी उजव्या निलयात. अलिंदाचा ठोका ऐकू आला की यंत्रातलं एक घड्याळ सुरू होतं. १५० मिलिसेकंदांत निलयाने आपणहून ठोका दिला तर यंत्र गप्प बसतं. नाही दिला तर विजेचा बारीक झटका देऊन ते तो घडवून आणतं. निलयाच्या ठोक्यानंतर २५० मिलिसेकंद ते अलिंदाकडून येणाऱ्या संकेतांकडे काणाडोळा करतं, कारण इतक्यात आलेला संकेत बहुधा निलयाचाच पडसाद असतो. दोन ठोक्यांमध्ये १००० मिलिसेकंदांहून जास्त अंतर पडू द्यायचं नाही, म्हणजे मिनिटाला ६० च्या खाली जायचं नाही. आणि यंत्राने द्यायचा ठोका आधीच्या ठोक्यापासून ५०० मिलिसेकंदांच्या आत द्यायचा नाही, म्हणजे १२० ची वरची मर्यादा. डॉक्टर हे आकडे रुग्णागणिक बदलतात. बॉस्टन सायंटिफिक कंपनीने आपल्या एका जुन्या पेसमेकरचं स्पेसिफिकेशन २००७ मध्ये संशोधकांसाठी खुलं केलं. त्यातल्या मूळ सेटिंगमधले हे आकडे.

प्रोसेसर किती वेगवान आहे, याला इथे फारसं महत्त्व नाही. १५० ऐवजी ९० मिलिसेकंदांनी दिलेला झटका लवकर दिला म्हणून कौतुकाचा ठरत नाही, तो चूकच. उत्तर बरोबर असून वेळ चुकली तर उत्तर चुकलं, अशा यंत्रांशी माझा संबंध येतो.

मग भरपूर टेस्टिंग करा की, असं नव्याने आलेले इंजिनिअर हमखास म्हणतात. करावंच. पण चार घड्याळं एकाच वेळी चालू असतात आणि बाहेरून येणारा संकेत त्यांच्या कोणत्याही क्षणी येऊ शकतो. १४९ ला आला तर एक वाट, १५१ ला आला तर दुसरी, आणि नेमका तेव्हाच दुसऱ्या घड्याळाचा काटा उलटत असेल तर तिसरी. काळ सलग असतो. दोन क्षणांच्या मधले सगळे क्षण तपासून संपत नाहीत.

ते संपवता येतात, हे राजीव अलूर आणि डेव्हिड डिल यांनी १९९० मध्ये दाखवलं. अलूर पुण्यात जन्मलेले, आयआयटी कानपूरहून स्टॅनफर्डला गेलेले. त्यांच्या ‘टाइम्ड ऑटोमेटा’मध्ये यंत्राच्या मोजक्या अवस्था असतात, एकीतून दुसरीत जाण्याचे बाण असतात आणि बाणांवर घड्याळांच्या अटी असतात. कल्पकता पुढे आहे. अटींमध्ये फक्त पूर्णांक आहेत असं समजा. एका प्रसंगी पहिलं घड्याळ २.३ वर आणि दुसरं ५.७ वर आहे. दुसऱ्या प्रसंगी ती २.१ आणि ५.९ वर आहेत. आकडे वेगळे, पण दोन्हीकडे पुढचा पूर्णांक आधी गाठणार ते दुसरंच घड्याळ. त्यामुळे इथून पुढे यंत्र जे जे करू शकतं ते दोन्हीकडे एकच. २.७ आणि ५.३ असतं तर शर्यत उलटली असती. म्हणजे घड्याळांचे पूर्णांक, अपूर्णांकांचा लहानमोठेपणाचा क्रम आणि एखादा अपूर्णांक शून्य आहे का, एवढं कळलं की पुरे. सर्वांत मोठ्या अटीच्या पलीकडे घड्याळ गेलं की त्यातला नेमका आकडाही नको. अनंत क्षणांचे असे मोजके गट पडतात आणि मोजके गट संगणक एकेक करून पाहू शकतो. मला अजूनही हा युक्तिवाद शिकवताना आनंद होतो. घड्याळं वाढली की गटांची संख्या बेसुमार फुगते, म्हणून प्रत्यक्षातली साधनं जरा वेगळा हिशेब ठेवतात, पण पाया हाच. स्वीडनमधलं उप्साला आणि डेन्मार्कमधलं आल्बोर्ग या दोन विद्यापीठांनी १९९५ मध्ये आणलेलं ‘उप्पाल’ हे साधन मी जवळजवळ रोज वापरते. आपल्याकडे मुंबईत टीआयएफआरमध्ये परितोष पंड्या यांनी ‘ड्युरेशन कॅल्क्युलस’ या काळाच्या तर्कशास्त्रावर असंच पडताळणीचं साधन बांधलं.

याचा उपयोग काय, याला माझं आवडतं उत्तर डेन्मार्कचं आहे. बँग अँड ओलुफसेन कंपनीच्या संगीतयंत्रांमध्ये एकाच तारेवरून निरोप पाठवण्याची पद्धत दहा वर्षांहून जास्त काळ वापरात होती. असेंब्ली भाषेतल्या सुमारे २८०० ओळी. अधूनमधून निरोप हरवतात हे कंपनीला ठाऊक होतं, पण टेस्टिंग करून चूक काही सापडेना. संशोधकांनी त्याचं मॉडेल उप्पालला दिलं आणि साधनाने निरोप हरवण्यापर्यंतची अख्खी वाट पायरी-पायरीने काढून दिली. दुरुस्तीही त्याच साधनाने तपासली. हे १९९७ मध्ये प्रसिद्ध झालं.

त्याच वर्षी ४ जुलैला नासाचं पाथफाइंडर यान मंगळावर उतरलं आणि काही दिवसांनी त्याचा संगणक मधूनच रीसेट होऊ लागला. एक महत्त्वाचं काम होतं, माहितीच्या बसचा कारभार पाहणं. एक बिनमहत्त्वाचं होतं, हवामानाच्या नोंदी गोळा करणं. दोघांना एकच कुलूप लागायचं. हवामानवाल्याने कुलूप घेतलेलं असताना मधल्या दर्जाची लांबलचक कामं येऊन त्याला बाजूला सारत आणि तो थांबला की वरचा बडाही थांबे. साहेबांना हवी ती फाइल शिपायाच्या हातात, आणि शिपायाला मधल्या कारकुनांनी चहा आणायला पिटाळलेलं, असा प्रकार. मुदतीत काम झालं नाही असं पाहून यान स्वतःला रीसेट करी. ज्याच्याकडे कुलूप आहे त्याला तेवढ्यापुरता वरचा दर्जा द्यायचा, हा उपाय माहीत होता. शा, राजकुमार आणि लेहोत्स्की यांचा त्यावरचा निबंध १९९० चा. यानातल्या व्हीएक्सवर्क्स प्रणालीत तशी सोयही होती, फक्त ती बंद होती. पृथ्वीवरून ती चालू केली आणि रीसेट थांबले.

तीन कामांचं हे मॉडेल विद्यार्थी एका तासात रचतात आणि उप्पाल क्षणात दोष दाखवतं. तेव्हा वर्गात ‘नासावाल्यांना एवढंही कळलं नाही?’ असा सूर लागतो, तो मला आवडत नाही. उड्डाणापूर्वी त्यांनाही असे रीसेट दिसले होते, पण ते पुन्हा घडवून आणता येईनात. शिवाय मंगळावरून माहिती अपेक्षेपेक्षा जास्त वेगाने पाठवता येत होती आणि प्रयोगही जास्त होत होते. म्हणजे परिस्थिती त्यांच्या अंदाजापेक्षा चांगली निघाली आणि दोष उफाळला. वाईट शक्यतांची यादी सगळे करतात, इतकी चांगली कुणाच्या यादीत नव्हती.

पेसमेकरचंही असंच आहे. नुसत्या यंत्राचं मॉडेल करून ‘मिनिटाला १२० च्या वर झटके कधीच नाहीत’ हे सिद्ध करणं सोपं आहे, आणि ते खरंही असतं. पण पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या गटाने, ज्यात अलूरही होते, २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कामात हृदयाचंही मॉडेल केलं होतं. हृदयातल्या केंद्रांच्या विश्रांतीच्या वेळा, त्यांच्यातल्या मार्गांवर संकेताला लागणारा वेळ, सगळं घड्याळांत. दोन्ही मॉडेलं जोडली की एक जुना, हृदयरोगतज्ज्ञांच्या चांगल्या ओळखीचा प्रकार दिसतो. निलयाने एक अवेळी ठोका दिला. काही रुग्णांत तो उलटा वर अलिंदाकडे जातो. त्याला ३०० मिलिसेकंद लागले समजा. काणाडोळ्याचे २५० संपलेले आहेत, म्हणून यंत्र त्याला अलिंदाचा खरा ठोका मानतं आणि १५० मिलिसेकंदांनी निलयाला झटका द्यायला निघतं. बेरीज ४५०, पण वरची मर्यादा त्याला ५०० पर्यंत थोपवते. मग झटका. तो झटकाही उलटा वर जातो, आणि पुन्हा तेच. माणूस आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत बसलेला असतो आणि हृदय मिनिटाला १२० वर. सिद्ध केलेला गुणधर्म या सगळ्या वेळात अबाधित असतो.

म्हणून पडताळणीचा अहवाल समोर आला की मी आधी शेवटची पानं उघडते, जिथे बाहेरच्या जगाबद्दलची गृहीतकं लिहिलेली असतात. ती नसतील तर अहवाल परत पाठवते. सहकाऱ्यांना हा खडूसपणा वाटतो, वाटू दे. उलट्या प्रवासाला ३०० मिलिसेकंद लागतात, असा एकच आकडा तिथे असेल तरी माझं समाधान होत नाही. तो वेळ रुग्णागणिक बदलतो, औषधाने बदलतो. मॉडेलमध्ये २०० ते ३८० असा पट्टा घातला की २५० चा काणाडोळा नापास होतो.

मग तो ४०० करून टाकू, हे पहिलं उत्तर. केलं, तर चक्र सुरूच होत नाही आणि साधन हिरवा कंदील दाखवतं. पण आता १५० आणि ४०० मिळून ५५० मिलिसेकंद यंत्र अलिंदाचा नवा ठोका मोजणार नाही. म्हणजे अलिंद मिनिटाला १०९ च्या वर गेलं की दर दुसरा ठोका वाया. जिना चढणाऱ्या माणसाचं अलिंद ११२ वर पोचतं आणि निलय एकदम ६० च्या आसपास उतरतं. अलिंद १२० पर्यंत गेलं तरी त्याचा ठोका वाया जाऊ नये, हेही गुणधर्म म्हणून लिहिलं, तर दोन्ही अटी एकाच वेळी पाळणारा स्थिर आकडा नाही, हेही साधन दाखवून देतं. म्हणून प्रत्यक्षातले पेसमेकर काणाडोळा कायमचा लांबवत नाहीत. अवेळी ठोका दिसला की तेवढ्या एका फेरीपुरता लांबवतात, किंवा ठोके बराच वेळ वरच्या मर्यादेला चिकटून राहिले तर एकदाच लांबवून चक्र तुटतं का पाहतात. तुटलं नाही तर माणूस खरोखरच जिना चढतो आहे, असं मानतात. ही भर घातली की मॉडेलमध्ये आणखी दोन घड्याळं येतात, गट पुन्हा फुगतात आणि रात्री लावलेल्या तपासणीचं उत्तर सकाळपर्यंत आलेलं नसतं.