चांदण्यांचा घास

पास्ता हा नातवंडांचा खाऊ, अशी आपली समजूत असेल, तर इटलीतील घरांचा एक रिवाज सांगावासा वाटतो. तेथे बाळांना, आजाऱ्यांना आणि म्हाताऱ्यांना ‘पास्तिना’ शिजवून देतात. पास्तिना म्हणजे अगदी बारीक पास्ता. त्यात चांदण्यांच्या आकाराचे ‘स्तेल्लिने’ असतात, तसाच तांदळाच्या दाण्यासारखा ‘ओर्झो’ही. आपल्या लग्नघरांतले गव्हले आठवा. ओर्झो त्यांचे भावंडच शोभेल.

मोठ्या आकारांचे काम निराळे. पेन्नेची नळी आणि फुसिल्लीचे पीळ दाट रस धरून ठेवतात. स्पॅगेटीला सैलसर रस मानवतो. कवळीच्या माणसाला मात्र ते लांब दोरे ओढत बसणे नकोसे होते.

पण पास्तिनाही सर्वांना सोसेल असे नाही. पक्षाघातानंतर किंवा कंपवातात गिळताना ठसका लागत असेल, तर पातळ सुपात तरंगणारे दाणे देऊ नयेत. पाणी आधी घशात उतरते, दाणे मागे रेंगाळतात आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. कितपत दाट अन्न चालेल, हे गिळण्याच्या तज्ज्ञांकडूनच ठरवून घ्यावे. त्यांच्या सांगण्यावरून मी सासूबाईंसाठी चांदण्या खूप मऊ शिजवते, भोपळ्याच्या दाट सुपात एकजीव घोटते आणि त्यांना ताठ बसवून लहान चमच्याने भरवते.

घोटल्यावर आकार उरत नाही. म्हणून शिजवण्याआधी चार कोरड्या चांदण्या त्यांच्या तळहातावर ठेवते. त्या मोजतात आणि मला परत देतात.