कौल, तडा आणि गुणांकन

व्हिडिओ गेमची रचना करणे म्हणजे मुख्यतः निकालांची व्यवस्था लावणे होय. कोणत्या कृतीला कोणते फळ आणि किती गुण, हे रचनाकाराने आधीच ठरवलेले असते. प्राचीन चीनमधील शांग राजवटीच्या कौलविधीवर खेळ रचताना या व्यवस्थेविषयीच मला प्रश्न पडू लागले.

विधीची संरचना शिस्तबद्ध आहे. कासवाच्या पोटाकडील कवचाला किंवा बैलाच्या खांद्याच्या हाडाला मागील बाजूने खळगे पाडायचे, तेथे उष्णता द्यायची आणि पुढील बाजूस उमटलेला तडा वाचायचा. प्रश्न पुष्कळदा होकारार्थी व नकारार्थी अशा जोडीने मांडला जाई आणि नंतर हाडावर कोरला जाई. कधी त्याखाली राजाचे भाकीत आणि क्वचित प्रत्यक्षात काय घडले त्याची नोंदही येई. तडा हा येथे चिन्हक. त्याचा अर्थ वाचनातूनच सिद्ध होतो. तेव्हा खेळात तडा संगणकाने यदृच्छेने उमटवावा आणि अर्थ खेळणाऱ्याने लावावा, इथपर्यंत अडचण नव्हती.

अडचण आली ती पडताळ्याच्या नोंदीपाशी. इ. स. पूर्व 1200 च्या सुमारास वू दिंग राजाच्या राण्यांपैकी फू हाओ हिच्या बाळंतपणाविषयी कौल लावला गेला. दहा दिवसांच्या चक्रातील दिंग दिवशी प्रसूती झाल्यास चांगले, गेंग दिवशी झाल्यास अतिशुभ, असे राजाने सांगितले. 31 दिवसांनी, जियायिन दिवशी, ती प्रसूत झाली. चांगले झाले नाही, मुलगी झाली, अशी नोंद हाडावर आहे. हीच फू हाओ सैन्याचे नेतृत्व करीत असे, हे अशाच अस्थिलेखांतून कळते. 1976 मध्ये आन्यांग येथे सापडलेल्या तिच्या कबरीत शस्त्रेही होती.

या नोंदीला गुण किती द्यावेत? शून्य दिले, तर त्या काळचा मूल्यनिर्णय यंत्राच्या तटस्थ स्वरात पुन्हा उच्चारला जातो. मुलीचा जन्म शुभ ठरवला, तर मूळ संहितेशी प्रतारणा होते. ऐतिहासिक निष्ठा आणि नैतिक भूमिका यांतला हा पेच केवळ तांत्रिक म्हणता येणार नाही.

अखेर या प्रसंगातून मी गुणांकनच काढून टाकले आणि ती नोंद कोरण्याचे काम खेळणाऱ्याकडे सोपवले. तडा आगीने पडला होता. ‘चांगले झाले नाही’ हे मात्र कुणीतरी लिहिले होते. ते लिहिताना खेळणाऱ्याचा हात क्षणभर अडखळावा, एवढीच माझी अपेक्षा आहे.