'इसाबेला'ची 'दुर्गा' होताना

गोविंद बल्लाळ देवलांचे नाव घेताच 'शारदा' आणि 'संशयकल्लोळ' आठवतात. १८८६चे 'दुर्गा' बहुधा नाटकांच्या यादीतच राहते. या गद्य नाटकाचे मूळ एका इंग्रजी पद्य शोकांतिकेत आहे. टॉमस सदर्नने १६९४ मध्ये लिहिलेल्या 'द फेटल मॅरेज'मधील विनोदी उपकथानक डेव्हिड गॅरिकने १७५७ मध्ये काढून टाकले आणि 'इसाबेला' रंगभूमीवर आणली. पती युद्धात मेला असे समजून, सासऱ्याने झिडकारलेली, कर्जात बुडालेली इसाबेला मुलाला घेऊन सात वर्षे कंठते. मग ती दुसरा विवाह करते, आणि पहिला पती परततो. १० ऑक्टोबर १७८२ रोजी लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात सेरा सिडन्स यांनी ही भूमिका केली आणि एका रात्रीत त्यांचे नाव झाले. नाटकातला मुलगा त्यांचाच हेन्री होता.

रिसोडच्या अभ्यासकेंद्रावर हे कथानक सांगताना मी सहज म्हणालो, "इसाबेलाने दुसरे लग्न केले." मागच्या बाकावरच्या एक विद्यार्थिनी, वयाने माझ्याच बरोबरीच्या, उभ्या राहिल्या. "सर, बाईचं लग्न एकदाच होतं. दुसऱ्यांदा होतो तो पाट. माझ्या आजीचा झाला होता. रात्री, वाजंत्रीशिवाय."

भाषाविज्ञानातील पदवी त्या क्षणी माझ्या कामी आली नाही. माझ्या शब्दसूचीत 'पाट' होता. त्यापुढे 'पुनर्विवाह' लिहून मी मोकळा झालो होतो. पण 'पुनर्विवाह' पुरुषाचाही होतो, पाट मात्र स्त्रीचाच लागतो. विधुराने नवी वधू आणली तर ते लग्नच! आणि ज्या जातींत पाटही निषिद्ध होता, तेथे १८५६च्या कायद्याने परवानगी देऊनही घराचे दार उघडले नव्हते. लंडनचा प्रेक्षक पहिला पती परतल्यावर हळहळला; मराठी प्रेक्षकाला त्याआधीच, विधवा पुन्हा बोहल्यावर चढते येथेच, अडखळावे लागणार होते. पद्याचे गद्य होणे मला त्यापुढे किरकोळ वाटते.

सत्र संपल्यावर त्या बाईंनी विचारले, "मग दुर्गेचं काय म्हणायचं, लग्न की पाट?" मी शब्दसूचीतली नोंद खोडली आहे. आपण 'दुर्गा' वाचाल तेव्हा कोणते पात्र विवाहासाठी कोणता शब्द वापरते, तेथे पेन्सिलीने खूण करून ठेवा. पुढच्या संपर्कसत्रात पुस्तक सोबत आणा.